‘कलेक्ट’ म्हटल्यावर पर्स उघडली

प्रिय मावशी,

सलाम. मी मूळची पुण्याची, पंचहौदच्या चर्चमध्ये लहानाची मोठी झाले. बाप्तिस्मा तिथलाच, बिशपांच्या हातून दृढीकरण, म्हणजे कन्फर्मेशनही तिथलंच. नवऱ्याच्या नोकरीमुळे आता बॉस्टनजवळ राहते. नवरा हिंदू आहे, पण रविवारी माझ्याबरोबर येतो. पाच महिने आम्ही घराजवळच्या एपिस्कोपल चर्चला जातोय. माणसं मायेची आहेत, पण त्यांचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं, आणि मला इंग्रजी येत नाही अशातला भाग नाही. पहिल्याच रविवारी उपासनेच्या कागदावर ‘कलेक्ट’ दिसलं आणि मी दानासाठी पर्स उघडली. शेजारच्या बाई हसल्या. ‘व्हेस्ट्री मंगळवारी भेटते’ असं कानावर आलं. आमच्याकडे व्हेस्ट्री म्हणजे पाळक झगा घालतात ती खोली. वॉर्डन म्हटलं की मला हॉस्टेल आठवतं. हातात ‘प्लेज कार्ड’ आलंय, त्याचं काय करायचं कळत नाही. आमच्या पाळक बाई आहेत, त्यांना सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघत नाही. इथे पुन्हा दृढीकरण घ्यावं लागेल का?

सगळ्यात अवघड म्हणजे प्रभुभोजनाच्या वेळी नवरा बाकावर एकटा उरतो. परवा त्याने विचारलं, ‘मी पुढे आलो तर चालेल का?’ मला उत्तर देता आलं नाही. आणि एका बाईंनी ‘ऑल्टर गिल्ड’मध्ये येतेस का, म्हणून विचारलंय. मला जमेल का? माझी आजी दर शनिवारी वेदीवरची कापडं धुवायला चर्चमध्ये जायची, एवढाच आमच्या घराचा त्या कामाशी संबंध.

— बॉस्टनजवळची पुणेकर

प्रिय मुली,

सलाम. आधी त्या पर्सचं बोलू, कारण पाच महिने झाले तरी ती गोष्ट तुझ्या मनातून गेलेली दिसत नाही.

लिहिताना शब्द एकच, उच्चार मात्र वेगळा. पैसे गोळा करतात तेव्हा जोर शब्दाच्या शेवटी पडतो. प्रार्थनेचं नाव घेताना जोर पहिल्या अक्षरावर येतो, जवळजवळ ‘कॉलेक्ट’ असा. मूळ मात्र दोन्हींचं तेच, गोळा करणं. माणसं जमली, प्रत्येकाच्या मनात काहीतरी आहे, आणि पाळक ते सगळं चार ओळींच्या एका प्रार्थनेत गोळा करून देवापुढे ठेवतात. तिची घडण बघ: आधी देवाला हाक, मग तो कसा आहे ते, मग मागणं, ते कशासाठी, आणि शेवटी ख्रिस्ताच्या नावाने समारोप. पंचहौदला मराठीत तू अशा कितीतरी प्रार्थना ऐकल्या असशील, फक्त त्यांना नाव आहे हे कुणी सांगितलं नसेल. दर रविवारची कलेक्ट वेगळी असते. शनिवारी रात्री ती घरी एकदा मोठ्याने वाच, सकाळी ओळखीची वाटेल. पैशाचं ताट फिरतं तो भाग नंतर येतो, त्याला ‘ऑफर्टरी’ म्हणतात.

तू पंचहौदची आहेस हे वाचलं आणि मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ज्या संघाच्या पाद्र्यांनी गुरुवार पेठेतलं ते मिशन चालवलं, ते काउली फादर्स, म्हणजे सेंट जॉन द इव्हँजेलिस्टचा संघ. १८६६ साली ऑक्सफर्डजवळच्या काउलीत तो सुरू झाला. त्याच संघाचा अमेरिकेतला मठ तुझ्या घरापासून फार लांब नाही. केंब्रिजला, चार्ल्स नदीच्या काठावर, आणि तो एपिस्कोपल चर्चचाच आहे. वेळ बघून एखाद्या संध्याकाळी जाऊन बस. परक्या घरात शिरल्यासारखं तुला जे वाटतंय ते तिथे बरंच कमी होईल असं मला वाटतं.

आणखी एक. पुण्यात मिशनचं काम करणाऱ्या वाँटेजच्या सिस्टर्सच्या ओळखीने पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, आणि १८८३ मध्ये वाँटेजलाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्या सिस्टर्सशी त्यांचे पत्रांतून कडाक्याचे वादही झाले. त्याच रमाबाईंचं नाव आज एपिस्कोपल चर्चच्या स्मरणदिनांच्या पंचांगात आहे, ५ एप्रिलला, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या तारखेला. तुझ्या पाळकबाईंना सांग, की ही आमच्याकडची. त्या दिवशी तिच्याबद्दल चार शब्द तूच बोललीस तर फार चांगलं.

दृढीकरणाचं उत्तर यातच आलं. १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात आपल्याकडचे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाचे, होते. सी.एन.आय. आणि एपिस्कोपल चर्च, दोन्ही अँग्लिकन परिवारातल्या. तुझा बाप्तिस्मा झालाय, तो पुन्हा होत नसतो. बिशपांच्या हातून दृढीकरण झालंय, तेही पुन्हा नको. पुण्याच्या चर्चच्या कार्यालयातून तेवढं पत्र मागवून घे: नाव, बाप्तिस्म्याची तारीख, दृढीकरणाची तारीख, बिशपांचं नाव. इकडे त्याला ‘लेटर ऑफ ट्रान्सफर’ म्हणतात. तुझी पाळकबाई बहुधा स्वतःच पुण्याला लिहील, पण तू आईला फोन करून चर्चमध्ये चौकशी करायला लावलीस तर काम लवकर होईल. जुन्या वह्या उघडायला आपल्याकडे माणूस समोर उभं राहावं लागतं.

माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं. आमच्याकडे झगे नव्हते, मेणबत्त्या नव्हत्या, बिशप तर नव्हतेच. तेव्हा कनेटिकटमध्ये मी पहिल्यांदा या चर्चमध्ये बसले तेव्हा माझ्याकडे तुझ्याइतकंही भांडवल नव्हतं. ‘एपिस्कोपल’ या नावापासूनच सुरुवात होती. ग्रीक ‘एपिस्कोपॉस’ म्हणजे वरून देखरेख करणारा. आपल्या मराठी बायबलात पौलाच्या पत्रांत ‘अध्यक्ष’ येतो ना, तोच हा. ज्या मंडळीत असे अध्यक्ष, म्हणजे बिशप, असतात ती एपिस्कोपल. चर्चच्या नावात ‘एपिस्कोपल’ म्हणायचं, माणसाला मात्र ‘एपिस्कोपेलियन’. इथली माणसं ही चूक कुणी केली तर बोलून दाखवत नाहीत, पण त्यांच्या कानाला खटकते.

हे नाव त्यांनी का घेतलं तेही समजून घे. अमेरिका इंग्लंडपासून सुटली तेव्हा इथल्या अँग्लिकनांना स्वतःचा एकही बिशप नव्हता. इंग्लंडमध्ये बिशप व्हायचं तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि राजाशी तर नुकतीच लढाई झालेली. म्हणून सॅम्युएल सीबरी स्कॉटलंडला गेले आणि १७८४ मध्ये ॲबर्डीनला तिथल्या बिशपांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवले. ‘चर्च ऑफ इंग्लंड’ म्हणणं आता शक्य नव्हतं, पण बिशप सोडायचे नव्हते. तो सगळा आग्रह या एका नावात आहे.

बाकात जे पुस्तक असतं त्याच्या नावातला ‘कॉमन’ शब्दही असाच फसवतो. बुक ऑफ कॉमन प्रेयर. कॉमन म्हणजे साधं, किरकोळ, असं आपल्याला वाटतं. इथे तो सामाईक विहिरीतला सामाईक आहे. सगळ्यांचं पाणी एकाच ठिकाणचं. इंग्लंडमध्ये पहिलं पुस्तक १५४९ चं, आर्चबिशप क्रॅन्मर यांनी सिद्ध केलेलं. इथे सध्या वापरतात ते १९७९ चं. त्यात उपासनेची दोन रूपं आहेत, ‘राइट वन’ आणि ‘राइट टू’. हा ‘राइट’ म्हणजे विधी. बरोबर-चूक किंवा उजवं-डावं यांच्याशी त्याचा संबंध नाही. राइट वनमध्ये जुनी इंग्रजी, दाऊ आणि दाय; राइट टूमध्ये आजची. पुष्कळ ठिकाणी सकाळी आठची उपासना राइट वनची, गाण्यांशिवाय, वयस्कर मंडळींची, आणि नंतरची मोठी उपासना राइट टूची. दोन्हींतला फरक प्रतिसादात चटकन कळतो. पाळक ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ म्हणाले की आठच्या उपासनेत लोक ‘अँड विथ दाय स्पिरिट’ म्हणतात, नंतरच्या उपासनेत ‘अँड ऑल्सो विथ यू’. मला विचारशील तर महिन्यातून एकदा आठला जाऊन बघ. गर्दी नसते, कुणी कुणाकडे बघत नाही, आणि शब्द सावकाश कानात मुरतात.

कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, क्रूसाची खूण करायची की नाही, याची धास्ती घेऊ नकोस. पाच महिने तू पुढच्यांचं बघून करत असशील, ते योग्यच आहे. या बाबतीत त्यांच्यात एक जुनं बोलणं आहे: सगळ्यांना मुभा, काहींनी करावं, सक्ती कुणालाच नाही. एकाच बाकावर एक जण क्रूसाची खूण करतो, दुसरा करत नाही, तिसरीचे गुडघे दुखतात म्हणून ती बसून राहते.

आता तुझ्या नवऱ्याकडे येते. त्याने स्वतःहून विचारलं, हे मला फार आवडलं. तेव्हा त्याला नीट, पूर्ण उत्तर दे.

चर्चचा नियम असा, की प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. बाप्तिस्मा कुठल्या मंडळीत झाला ते कुणी विचारत नाही. मेथडिस्ट, कॅथलिक, बॅप्टिस्ट, सगळे चालतात, पण बाप्तिस्मा हवा. काही मंडळ्या आपल्या जबाबदारीवर सगळ्यांनाच बोलावतात. तुमच्याकडे काय रीत आहे ते उपासनेच्या कागदावर प्रभुभोजनाच्या आसपास एका ओळीत छापलेलं असतं, ती ओळ वाच.

तुमच्याकडे नियमाप्रमाणे चालत असेल तरी त्याला पुढे येता येतं. तुझ्याबरोबर रांगेत यायचं, रेलिंगपाशी पोचल्यावर दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे, दोन्ही तळवे खांद्यांकडे. एवढी खूण पुरते. पाळक भाकर न देता त्याच्या डोक्यावर किंवा खांद्यावर हात ठेवून आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील. त्यावरून तो धर्म बदलतोय असं कुणी समजत नाही. लहान मुलं, पाहुणे, त्या दिवशी काही कारणाने घ्यायचं नाही असं ठरवलेले ख्रिस्ती, सगळे असेच येतात.

पण एक गोष्ट तूच त्याला सांगायला हवीस, कारण ती त्याला दुसरं कुणी सांगू शकणार नाही. आपल्याकडे प्रसाद कुणालाही देतात, परक्याला आधी देतात, आणि पुढे केलेला प्रसाद नाकारणं हा देवाचा आणि देणाऱ्याचा अपमान. तो त्या संस्कारात वाढलाय. ताट आपल्यासमोरून जातंय आणि आपण हात पुढे करत नाही, याचं त्याला आतून अवघडल्यासारखं होत असणार. त्याला सांग, की या भाकरीचा अर्थ वेगळा आहे. ती घेणं म्हणजे ‘मी या शरीराचा भाग आहे’ असं चारचौघांत कबूल करणं. ज्याला ते म्हणायचं नाही त्याने न घेणं यात त्या भाकरीचा मानच आहे. हे कळल्यावर त्याला पुढे यावंसं वाटेल किंवा बाकावर बसावंसं वाटेल. जे वाटेल ते त्याला करू दे. बाकावर बसलेला नवरा बघून तुला जे टोचतं ते तुझं आहे, त्याचं ओझं त्याच्यावर घालू नकोस.

तुझ्या हातांचंही सांगते, म्हणजे तिथे पोचल्यावर घोटाळा नको. डाव्या तळव्यावर उजवा तळवा, दोन्ही थोडे वर उचललेले. भाकर तळव्यावर ठेवतील, ‘आमेन’ म्हणून खा. प्याला येईल तेव्हा त्याची बैठक हलकेच धरून ओठांकडे ने; देणाऱ्याला तुझे ओठ दिसत नसतात, त्यामुळे त्याला मदत लागते. काही जण भाकर प्याल्यात बुडवून घेतात, त्याला ‘इंटिंक्शन’ म्हणतात. द्राक्षारस घ्यायचा नसेल तर नुसती भाकर घेतलीस तरी प्रभुभोजन पूर्ण झालं; उणं काही राहत नाही.

उपासना झाल्यावर मात्र नवऱ्याला कशाचीच आडकाठी नाही. ‘कॉफी अवर’ला त्याला न्यायला विसरू नकोस. पुण्यात १८९० साली याच पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि इतर प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून शहरात जे ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, माजलं ते प्रायश्चित्तापर्यंत गेलं. तुझ्या आजीच्या आजीच्या काळातली गोष्ट ही. आज त्याच परंपरेतल्या चर्चच्या तळघरात एक हिंदू जावई कागदी पेला हातात घेऊन निवांत गप्पा मारतो, हे मला साधं वाटत नाही. ते तळघर म्हणजे ‘अंडरक्रॉफ्ट’, काही ठिकाणी ‘पॅरिश हॉल’. दाराशी कागद लावलेला असतो, त्यावर पुढच्या कुठल्यातरी रविवारी खाणं आणण्यासाठी नाव लिहायचं. लिही. पोह्यांचा चिवडा कर, शेंगदाण्याची चिठ्ठी मात्र शेजारी ठेव, इथे पुष्कळांना शेंगदाणा सोसत नाही.

व्हेस्ट्रीबद्दल तू जे लिहिलंस ते अगदी खरं आहे, आणि त्यांचंही खरं आहे. इंग्लंडमध्ये गावच्या चर्चची सभा झगे ठेवायच्या खोलीत भरायची. खोलीचं नाव सभेला चिकटलं. आपल्याकडे खोली उरली, अमेरिकेत सभा. इथली व्हेस्ट्री म्हणजे सभासदांनी निवडून दिलेली समिती, आपल्या पास्टरेट कमिटीची बहीण, पण अधिकाराने मोठी. आपल्याकडे पाळकांची बदली बिशप करतात. इथे पाळक गेले की व्हेस्ट्री शोध सुरू करते, मुलाखती घेते आणि बिशपांच्या संमतीने नव्या पाळकांना बोलावते. असे बोलावून आणलेले पाळक म्हणजे ‘रेक्टर’. बिशपांनी नेमून दिलेले असतील तर ‘प्रीस्ट-इन-चार्ज’, आणि अजून स्वतःच्या पायावर उभ्या न राहिलेल्या छोट्या मंडळीत बिशपांच्या वतीने काम बघणारे बहुधा ‘व्हिकर’. तुमच्या फलकावर यातलं काय लिहिलंय ते बघ, मंडळीची निम्मी परिस्थिती त्यावरून कळते. ‘क्युरेट’ म्हणजे नवी दीक्षा झालेले, शिकाऊ पाळक.

वॉर्डन म्हणजे राखणदार, हॉस्टेलची काय आणि चर्चची काय. ते दोन असतात. सीनियर वॉर्डन पाळकांचा उजवा हात, अडीअडचणीला पाळकांशी आणि पाळकांबद्दलही बोलता येईल अशी व्यक्ती. ज्युनियर वॉर्डनकडे बहुतेक ठिकाणी इमारत असते. छत गळलं, बॉयलर बंद पडला, की ज्युनियर वॉर्डनला फोन. व्हेस्ट्रीत ये असं तुला कुणी म्हटलं तर दोनेक वर्षं थांब. वर्षातून एकदा, बहुतेक जानेवारीच्या सुमारास, सगळ्यांची वार्षिक सभा होते, तिथे जाऊन बस आणि अंदाजपत्रक वाच. मंडळीला कशाची काळजी आहे आणि कशाची नाही, ते त्या आकड्यांत दिसतं.

त्याच अंदाजपत्रकासाठी तुझं प्लेज कार्ड आहे. प्लेज म्हटलं की आपल्याला शाळेतली ‘भारत माझा देश आहे’ आठवते, आणि तीही प्रतिज्ञाच आहे, तेव्हा फार दूर नाहीस तू. पुढच्या वर्षभरात मी साधारण इतकं दान देईन, असं आधी लिहून द्यायचं, म्हणजे व्हेस्ट्रीला खर्चाची आखणी करता येते. हे कर्ज नव्हे. नोकरी गेली, आजारपण आलं, तर कळवून आकडा कमी करता येतो, कुणी वसुलीला येत नाही. तुझा आकडा हिशोब बघणाऱ्या एखाद-दुसऱ्या माणसाखेरीज सहसा कुणाला कळत नाही. दशांशाचं बोलणं तुला ऐकू येईल, ते ध्येय म्हणून ऐक. दोघांनी मिळून बसा, घरभाडं आणि पुण्याला पाठवायचे पैसे आधी बाजूला काढा, मग आकडा लिहा. आणि लहान आकडा लिहायची लाज वाटून कार्ड कोरं ठेवू नकोस. माझं पहिलं कार्ड आठवड्याला दोन डॉलरचं होतं आणि त्याचं आभाराचं पत्र हाताने लिहिलेलं आलं होतं.

त्याच संदर्भात आणखी एक शब्द लक्षात ठेव, गरज पडू नये पण पडली तर माहीत असावा: ‘डिस्क्रिशनरी फंड’. अडलेल्यांसाठी पाळकांच्या हातात ठेवलेला निधी. कुणाला दिले ते पाळक चारचौघांत बोलत नाहीत. परदेशात एकटं पडलेलं आपलं एखादं माणूस भेटलं तर पाळकबाईंच्या कानावर घाल.

बाईंना हाक मारायचा प्रश्न मला चांगला समजतो. स्वतःपेक्षा मोठ्या बाईला, त्यात पाळकाला, नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे जीभ अडते. काही स्त्री पाळकांना ‘मदर’ म्हटलेलं आवडतं, जसं पुरुषांना ‘फादर’; आपल्या कानाला मदर म्हणजे नन वाटते, पण इथे ती पाळकच. ‘रेव्हरंड’ हे पाकिटावर लिहायचं, तोंडाने हाक मारायचं नव्हे. त्यांनाच विचार: ‘आमच्याकडे मोठ्यांना नावाने हाक मारत नाहीत, मी तुम्हाला काय म्हणू?’ त्यांना आनंद होईल.

आणि ज्या पदावर त्या उभ्या आहेत ते कसं मिळालं तेही जाणून घे. १९७४ मध्ये फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांनी मंडळीच्या परवानगीची वाट न बघता दीक्षा घेतली. चर्चने स्त्रियांना पाळक होण्याची मान्यता दिली ती १९७६ मध्ये. तुझ्या बॉस्टनलाच १९८९ मध्ये बार्बरा हॅरिस यांच्या डोक्यावर बिशपांनी हात ठेवले. जगभरच्या अँग्लिकन परिवारातली ती पहिली स्त्री बिशप, आणि कृष्णवर्णीय. त्यांचं पद ‘सफ्रगन बिशप’चं होतं, म्हणजे मुख्य बिशपांना साहाय्य करणारा बिशप. हा शब्द तुमच्याकडच्या जुन्या मंडळींच्या तोंडून तू ऐकशीलच, आणि त्यांच्या आवाजात अभिमान असेल.

इमारतीचे शब्द पटकन सांगते, चालता चालता पाठ होतात. दारातून आत आल्यावरची ओसरी म्हणजे ‘नार्थेक्स’, रेक्टर निघताना सगळ्यांशी हात मिळवतात ती जागा. बाकं असतात तो लांब भाग ‘नेव्ह’. लॅटिनमध्ये ‘नाविस’ म्हणजे जहाज. आपली नाव आणि ही नेव्ह मुळात एकाच घरातल्या. पुढच्या रविवारी बाकात बसून वर छताकडे बघ, लाकडी तुळया असतील तर उलट्या ठेवलेल्या होडीचा तळ दिसेल. गायकवृंद बसतो तो भाग ‘चान्सल’, आणि वेदीभोवतीची जागा ‘सँक्चुअरी’. आणि पंचहौदला जिला व्हेस्ट्री म्हणतात, जवळजवळ त्याच कामाची इथली खोली म्हणजे ‘सॅक्रिस्टी’. तुला आता जायचंय ते तिथेच.

गिल्डमध्ये जमेल का, असं तू विचारतेस, आणि त्याच ओळीत आजीचं सांगून मोकळी होतेस. मुली, आजी तेच तर करत होती! ऑल्टर गिल्ड म्हणजे वेदीची सेवा करणाऱ्या मंडळींचा गट. उपासनेआधी सगळं मांडायचं, झाल्यावर आवरायचं, धुवायचं, इस्त्री करायची. मी वर्षानुवर्षं शनिवारी सकाळी हे काम करत आलेय, आणि जे शब्द मला पुस्तक वाचून लक्षात राहिले नव्हते ते धुण्याने राहिले.

प्याला म्हणजे ‘चॅलिस’, भाकरीची थाळी ‘पेटन’. पाणी आणि द्राक्षारसाच्या छोट्या सुरया ‘क्रूएट’. प्याल्याची कड पुसायचं तागाचं फडकं ‘प्युरिफिकेटर’. त्याला खळ लावायची नाही, नाहीतर ते टिपत नाही. वेदीवर प्याला आणि थाळी यांच्याखाली पसरतात तो चौकोन ‘कॉर्पोरल’. त्याची घडी आतल्या बाजूला घालायची, आधी तीन भाग आडवे, मग तीन उभे. उलगडला की नऊ चौकोनांच्या रेघा दिसतात. घडी आत का, तर भाकरीचा एखादा कण त्यावर राहिला असेल तर तो बाहेर सांडू नये. इस्त्री करताना कापड ओलसर हवं. भरतकामाचा क्रूस असेल तर जाड टॉवेलवर तो पालथा ठेवून उलट्या बाजूने इस्त्री फिरवायची, म्हणजे टाके दबत नाहीत, उठून दिसतात. हे मला एका ऐंशी वर्षांच्या बाईंनी माझा हात धरून शिकवलं, एक अक्षरही न बोलता.

आणि धुण्याचं पहिलं पाणी. सॅक्रिस्टीत दोन बेसिन दिसतील. एक नेहमीचं. दुसऱ्याला ‘पिसिना’ म्हणतात, त्यावर बहुधा झाकण असतं. त्याची नळी गटाराला जोडलेली नसते, ती सरळ खाली जमिनीत जाते. प्युरिफिकेटर पहिल्यांदा बुचकळून काढलेलं पाणी त्यात ओतायचं, कारण त्यात द्राक्षारसाचा अंश असतो, आणि तो गटारात जायचा नाही, मातीत जायचा. तुळशीच्या मुळाशी पाणी ओतणाऱ्या बायांमध्ये वाढलेली मी. पहिल्या शनिवारी ते पाणी मातीत जाताना पाहिलं आणि मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

तेव्हा ‘हो’ म्हणून टाक. शनिवारी जाताना अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेव, चांदीवर ओरखडे उठतात. ओठांना लावायच्या लालीचे डाग प्युरिफिकेटरवर सगळ्यात हट्टी असतात, ते कसे काढायचे ते तिथल्या बायांना पहिल्याच दिवशी विचार. प्रत्येकीची पद्धत वेगळी, आणि त्यावर त्या तासभर बोलतील.

आणि जाण्याआधी आजीला फोन कर. पंचहौदला ती पहिलं पाणी कुठे ओतायची ते विचार, आणि काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
मावशी